प्रतिमेची मालकी : ‘परफेक्ट ब्लू’चे विवेचन

प्रसिद्ध व्यक्ती आणि तिच्या मागे लागलेला चाहता यांची गोष्ट सांगताना बहुधा दोनच पात्रे गृहीत धरली जातात. एकीकडे निष्पाप तारका, दुसरीकडे तिच्या दारात घुटमळणारा माथेफिरू. दोष सगळा दाराबाहेरच्या माणसाच्या डोक्यात असतो. तो पकडला गेला की गोष्ट संपते आणि प्रेक्षक निर्धास्त घरी जातो. सातोशी कॉन यांच्या ‘परफेक्ट ब्लू’ या ८१ मिनिटांच्या जपानी ॲनिमेशनपटाने १९९७ साली ही मांडणी मोडली. त्यात तारका आहे, माथेफिरूही आहे. पण खुनांचा माग काढत गेले की तो तारकेच्या पाठीवरून मायेने हात फिरवणाऱ्या तिच्या व्यवस्थापक बाईपाशी येऊन थांबतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे : चाहत्याचे खूळ ही आयडॉलच्या, म्हणजे जपानी पॉप-तारकेच्या, धंद्याने दिलेल्या वचनाची शब्दशः मागितलेली वसुली आहे, आणि हे या चित्रपटातील दृश्यांची जोडणी त्याच्या कथेपेक्षा अधिक ठामपणे दाखवते. ते सिद्ध करायचे तर रहस्य फोडावे लागणार. ज्यांना आधी पडद्यावर पाहायचे आहे त्यांनी इथेच थांबलेले बरे.

कथा आणि तिची घडण

मिमा किरिगोए ही ‘चॅम’ या तीन मुलींच्या गायक-चमूतली. गाण्यात आता पैसा नाही, असा हिशेब एजन्सी मांडते आणि मिमा गाणे सोडून अभिनेत्री होते. ‘डबल बाइंड’ नावाच्या गुन्हेगारी मालिकेत तिच्या वाट्याला सुरुवातीला एक वाक्य येते. भूमिका वाढावी म्हणून बलात्काराचा प्रसंग लिहिला जातो. ती होकार देते. मग नग्न छायाचित्रांचे पुस्तक येते. या दरम्यान इंटरनेटवर ‘मिमाची खोली’ नावाची रोजनिशी तिला सापडते. ती तिच्याच नावाने, तिच्याच आवाजात, पण दुसऱ्या कोणीतरी लिहिलेली असते. पटकथाकार मारला जातो, छायाचित्रकार मारला जातो, आणि मिमाच्या कपाटात रक्ताने माखलेले कपडे निघतात.

मूळ कादंबरी योशिकाझू ताकेउची यांची, १९९१ची. तिच्यावर खऱ्या नटांचा चित्रपट करायचा बेत होता. जानेवारी १९९५च्या कोबे भूकंपात निर्मितीसंस्थेचे नुकसान झाले, पैसा आटला आणि प्रकल्प थेट व्हिडिओवर विकायच्या ॲनिमेशनपटाच्या पातळीवर उतरला. काम ‘मॅडहाउस’ स्टुडिओकडे आणि तोवर एकही पूर्ण लांबीचा चित्रपट न केलेल्या कॉन यांच्याकडे आले. आयडॉल, भय आणि पाठलाग करणारा चाहता ही तीन सूत्रे ठेवून बाकी हवे ते बदलण्याची मुभा त्यांना मिळाली. पटकथाकार सादायुकी मुराई आणि कॉन यांनी ती मनसोक्त वापरली. कादंबरीतला सरळ पाठलाग मागे पडला आणि मिमाच्या डोक्यात काय चालले आहे हा प्रश्न पुढे आला. ऑगस्ट १९९७मध्ये मॉन्ट्रिऑलच्या ‘फँटेशिया’ महोत्सवात चित्रपट प्रथम दाखवला गेला. जपानी चित्रपटगृहांत तो २८ फेब्रुवारी १९९८ रोजी लागला. पैसे नव्हते म्हणून ॲनिमेशन झाले, आणि ॲनिमेशन झाले म्हणूनच चित्रपट जमला. हे कसे, ते पुढे येईल.

वचन

आयडॉल नेमके काय विकते? गाणे म्हणावे तर तिच्याहून चांगल्या गायिका जपानात ढिगाने आहेत. रूप म्हणावे तर मॉडेल आहेत. आयडॉल विकते ती जवळीक : मी साधी मुलगी आहे, अजून शिकते आहे, तुमच्या पाठिंब्यावर मोठी होणार आहे. १९८५ साली दूरदर्शनवरील एका कार्यक्रमातून ‘ओन्यान्को क्लब’ नावाचा शाळकरी मुलींचा जथा पुढे आला तेव्हा हे कच्चेपणच माल झाले. त्याचे गीतकार यासुशी आकिमोतो यांनी २००५मध्ये ‘एकेबी४८’ हा मुलींचा चमू उभा केला तेव्हा वचनाला मोजमापही आले. सीडीबरोबर हस्तांदोलनाचे तिकीट, २००९मध्ये सुरू झालेल्या सदस्यांच्या निवडणुकीत सीडीबरोबर मतपत्रिका. जितक्या सीडी तितका सहवास, तितकी मते. एकच सीडी ढिगाने घेणारे चाहते निघाले ते यामुळेच.

जवळीक विकायची तर मुलगी कोणा एकाची झालेली चालत नाही. म्हणून प्रेमसंबंधांवर बंदी. कुठे करारात लिहिलेली, कुठे न लिहिता पाळलेली. २०१३ साली एकेबी४८च्या वीस वर्षांच्या एका सदस्येने मित्राच्या घरी रात्र काढल्याची बातमी साप्ताहिकात आली, तेव्हा तिने डोके भादरून, रडत, कॅमेऱ्यासमोर क्षमा मागितली. तिने कोणता कायदा मोडला होता? कोणताच नाही. मोडले होते ते चाहत्यांना दिलेले वचन, आणि ते दिले होते धंद्याने, तिच्या नावावर.

या जवळिकीचे शास्त्रीय वर्णन जुने आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६मध्ये रेडिओ-दूरदर्शनवरील निवेदक आणि प्रेक्षक यांच्यातील आभासी स्नेहाची मीमांसा केली. पडद्यावरची व्यक्ती थेट आपल्याशीच बोलते आहे असे वाटत राहते. नाते मात्र एकतर्फी असते आणि त्याची दोरी सादर करणाऱ्याच्या हाती असते. यात काही विकृत आहे असे ते मानत नाहीत. हे नाते माणसाच्या बाकीच्या जगण्याची जागा घेऊ लागले तरच चिंतेचे, असे त्यांचे मत. त्यांनी दिलेले एक उदाहरण इथे विशेष उपयोगी आहे. अमेरिकी रेडिओवर एक निनावी स्त्री एकट्या पुरुषांशी प्रेयसीसारखी बोलत असे. म्हणजे एकटेपणाला गिऱ्हाईक मानणारा धंदा आयडॉलच्या किती तरी आधी उभा होता. फक्त त्या बाईला चेहरा नव्हता, त्यामुळे तिला रस्त्यात गाठणे शक्य नव्हते.

‘परफेक्ट ब्लू’च्या आरंभीच्या मैफलीत चाहता ‘मी-मेनिया’ गर्दीच्या मागे उभा आहे. तो हात पुढे धरतो, आणि दूर मंचावर नाचणारी मिमा त्याच्या तळहातावर नाचताना दिसते. पुढचा सगळा चित्रपट या एका चौकटीत आहे. मालकी ही त्याची समजूत आहे खरी, पण ती समजूत होईल अशाच बेताने मंच, अंतर आणि मुलगी मांडलेली आहे.

पेच

त्याच १९५६ साली ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी ‘डबल बाइंड’ ही संकल्पना मांडली. एकाच व्यक्तीला दोन पातळ्यांवरून परस्परविरोधी आज्ञा मिळतात, कोणतीही पाळली तरी दुसरी मोडते, आणि हा विरोध बोलून दाखवायची किंवा तिथून निघून जायची सोय नसते. स्किझोफ्रेनियाची उपपत्ती म्हणून हा सिद्धान्त पुढे मानसोपचारात टिकला नाही. पण नातेसंबंधातील कोंडीचे वर्णन म्हणून तो अचूक आहे. चित्रपटातल्या मालिकेचे नाव हेच असणे हा योगायोग नसावा.

मिमाच्या कोंडीकडे पाहा. आयडॉल म्हणून आज्ञा : निरागस राहा, आणि हव्याशा वाटत राहा. अभिनेत्री म्हणून आज्ञा : निरागसपणा टाकून दे, तरच तुला गंभीरपणे घेऊ. जपानमध्ये १९९१ साली रिए मियाझावा या लोकप्रिय तरुण तारकेचे किशिन शिनोयामा यांनी काढलेल्या नग्न छायाचित्रांचे ‘सांता फे’ हे पुस्तक आले आणि त्याच्या पंधरा लाखांच्या आसपास प्रती खपल्या. त्यामुळे नग्नता ही आयडॉलपणातून बाहेर पडण्याची रूढ पायरी असल्यासारखी झाली होती. मिमाचे पुस्तक त्याच वाटेवरचे. एजन्सीच्या बैठकीत तिचे भविष्य ठरत असताना मिमा समोर बसलेली असते, पण बोलतात प्रमुख तादोकोरो आणि व्यवस्थापक रूमी. बलात्काराच्या प्रसंगाला ती स्वतः ‘करते’ म्हणते. तिच्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही, आणि नाही म्हणायची जागाही कोणी ठेवलेली नाही. रात्री घरी येऊन मेलेल्या माशांच्या टाकीसमोर ती कोसळते तेव्हाच तिचा खरा नकार बाहेर पडतो, आणि तो ऐकायला तिथे कोणी नसते.

चित्रीकरणाच्या त्या प्रसंगात कॉन एक बारीक गोष्ट पेरतात. दोन टेकच्या मधे दिग्दर्शक सर्वांना आहे तसे थांबायला सांगतो, आणि हल्लेखोराचे काम करणारा नट मिमाच्या कानाशी हळूच माफी मागतो. माणूस भला आहे. पुढच्या क्षणी कॅमेरा सुरू होतो आणि तो भला माणूस पुन्हा आपले काम करू लागतो. या चित्रपटातली सर्वांत अस्वस्थ करणारी माफी ती हीच.

चाहता आणि व्यवस्थापक

तारकांच्या मागे लागणाऱ्यांबद्दल बोलताना मानसोपचारात बहुधा क्लेरांबो यांचे नाव येते. या फ्रेंच वैद्याने १९२१मध्ये वर्णिलेल्या भ्रमात एखादी वरच्या पायरीवरील व्यक्ती आपल्यावर प्रेम करते अशी रुग्णाची खात्री असते. मी-मेनियाला या चौकटीत बसवण्याचा मोह होतो, पण तो बसत नाही. मिमा माझ्यावर प्रेम करते असे त्याचे मुख्य म्हणणेच नाही. त्याचे म्हणणे असे की पडद्यावर कपडे उतरवणारी बाई मिमा नाही. ती तोतया आहे, खरी मिमा दुसरीकडे आहे. हे वर्णन जोसेफ काप्ग्रा यांनी १९२३मध्ये नोंदवलेल्या भ्रमाच्या अधिक जवळ जाते. त्यात रुग्णाला जवळची व्यक्ती हुबेहूब दिसणाऱ्या बहुरूप्याने बदललेली वाटते.

आणि इथे चित्रपट विलक्षण चलाखी करतो. मी-मेनियाला ‘खऱ्या मिमा’चे ईमेल रोज येत असतात. तोतया मला छळते आहे, माझी मदत कर, असे ती लिहिते. म्हणजे त्याच्याजवळ पुरावा आहे! तो वेडा असेल, पण त्याचा निष्कर्ष हातातल्या पुराव्याशी विसंगत नाही. हे ईमेल आणि ‘मिमाची खोली’ ही रोजनिशी रूमी लिहीत होती. आगगाडीतून उतरताना मिमा कोणता पाय आधी टाकते, दुकानातून काय काय घेते, हे इतक्या तपशिलाने लिहायला जवळचेच माणूस हवे. रूमी एकेकाळी स्वतः आयडॉल होती. वय उलटले, धंद्याने तिला मंचावरून खाली उतरवून मंचामागे नेऊन ठेवले, आणि मिमाच्या रूपाने तिला दुसरी संधी दिसली. मिमाने तीही सोडली तेव्हा रूमीने मिमालाच तोतया ठरवले.

या उकलीने जबाबदारीची वाटणी बदलते. सर्वांत भयंकर चाहता एजन्सीच्या पगारावर आहे. प्रतिमेची शुद्धता राखणे हे ज्या बाईचे कामच होते, तिने ते काम शेवटापर्यंत नेले. तादोकोरोला मिमाकडून पैसा हवा, रूमीला स्वतःचे तारुण्य, मी-मेनियाला श्रद्धास्थान. तिघांचेही म्हणणे एकच की खरी मिमा आम्हाला ठाऊक आहे.

जोडणी

मराठी साहित्यशास्त्रात न. चिं. केळकरांची ‘सविकल्प समाधी’ची कल्पना परिचित आहे. रसिक पात्राशी एकरूप होतो, पण मी तो नाही हे भान, म्हणजे विकल्प, त्याला सुटत नाही. आनंद या दोन्हींच्या एकत्र असण्यात आहे. ही कल्पना नाटक-कादंबरीसाठी मांडलेली. पण चाहत्याच्या मनाचे वर्णन करायला ती पाश्चात्त्य मानसशास्त्रातील कित्येक व्याख्यांहून सरस ठरते. साधा चाहता सविकल्प असतो : मिमा माझी आहे असे म्हणतो आणि ती माझी नाही हेही जाणतो. मी-मेनिया आणि रूमी यांचा विकल्प गळून पडला आहे, फक्त समाधी उरली आहे.

कॉन यांचे धाडस असे की ते प्रेक्षकाचाही विकल्प काढून घेतात. एरवी स्वप्न, आठवण किंवा भास दाखवताना चित्रपट खूण देतो : कडा धूसर होतात, रंग उडतो, संगीत बदलते. इथे तशी खूण मिळत नाही. मिमा दचकून जागी होते. आधी पाहिले ते स्वप्न होते असे आपण ठरवतो. ती कामावर जाते, संवाद म्हणते, दिग्दर्शक ‘कट’ म्हणतो आणि ते मालिकेतले दृश्य निघते. मग ती पुन्हा त्याच पलंगावर जागी होते. मालिकेतली मानसोपचारतज्ज्ञ आपल्या रुग्णाच्या दुभंगाबद्दल बोलते, आणि ते निदान मालिकेतल्या पात्राचे की मिमाचे, हे आपल्याला क्षणभर कळत नाही. छायाचित्रकाराचा खून आपण मिमाच्या हातून होताना पाहतो. ‘डोळ्यांनी पाहिले’ हा पुरावा इथे कवडीमोलाचा ठरतो.

इथे ॲनिमेशनचे महत्त्व ध्यानात येते. खऱ्या नटांच्या चित्रपटात भास कितीही कुशलतेने दाखवला तरी नटीचे शरीर खरे आणि भुताटकी तांत्रिक करामत, हा फरक प्रेक्षक नकळत करत राहतो. रेखाटलेल्या चित्रपटात मिमाही रेषा, तिचा भासही रेषा, मालिकेतले पात्रही रेषाच. तिघींचा दर्जा सारखा. म्हणून दिव्यांच्या खांबांवरून उड्या मारत जाणारी आयडॉल-वेशातली मिमा हास्यास्पद वाटत नाही. स्वयंपाकघरात चहा करणाऱ्या मिमाइतकीच ती ‘आहे’. भूकंपाने आणलेली अडचण अशी उपकारक ठरली.

जोडणीचा कळस मी-मेनियाच्या हल्ल्यात आहे. चित्रीकरण आटोपून सेट ओस पडलेला, आणि मंच तोच, ज्यावर मालिकेतला बलात्कार चित्रित झाला होता. पहिल्या वेळी कॅमेरा होता, माणसे होती, म्हणून ते खोटे होते. आता कोणी नाही, म्हणून हे खरे आहे. चौकट जवळजवळ तीच. मिमा हातोडीने प्रतिकार करते आणि सुटते. प्रतिपाद्याच्या दृष्टीने हा निर्णायक पुरावा आहे : चाहता जे करायला आला ते धंद्याने आधीच, त्याच जागी, दिवे लावून आणि मोबदला देऊन करवून घेतले होते.

आरशांबद्दल थोडे. आरंभी प्रतिबिंबे मिमाला छळतात. गाडीच्या काचेत आयडॉल-वेशातली मिमा दिसते आणि हे काम मी करणार नाही असे सुनावते. शेवटच्या पाठलागात मात्र उलटे होते. रस्त्यावर आपल्याला तरंगत येणारी सुंदर आयडॉल दिसते, आणि दुकानांच्या काचांत धापा टाकत धावणारी, आयडॉलचा तंग पोशाख चढवलेली, मध्यमवयीन रूमी. त्याआधी मिमा जिला आपली खोली समजते ती खोलीही रूमीने उभारलेली प्रतिकृती निघते. भिंतीवर मिमाने कधीच काढून टाकलेले पोस्टर आहे आणि खिडकीबाहेरचे दृश्य तिच्या घराचे नाही. अखेर समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे रूमीला मंचावरचे दिवे वाटतात. मिमा तिला ढकलून वाचवते. काही काळाने रुग्णालयात रूमीला पाहून परतलेली, आता नावारूपाला आलेली मिमा गाडीच्या आरशात पाहून, मीच खरी, असे म्हणते. पुष्कळांना हा शेवट सुखाचा वाटतो. मला तो अर्धाच पटतो. खरेपणाची ग्वाही तिने आरशात पाहून दिली आहे, आणि या चित्रपटातले आरसे दोन्ही बाजूंनी साक्ष देतात.

उणिवा

मी-मेनियाचे दात पुढे, डोळे एकमेकांपासून लांब सरकलेले, त्वचा रोगट, रूमी स्थूल. कुरूपता म्हणजे विकृती हे समीकरण इतक्या हुशार चित्रपटाने स्वीकारायला नको होते. १९८९मध्ये लहान मुलींच्या खुनांबद्दल त्सुतोमु मियाझाकी याला अटक झाली; त्याच्या खोलीत व्हिडिओ कॅसेटींचा ढीग सापडला आणि जपानमध्ये ‘ओताकू’ (ॲनिमेशन-चित्रकथांचा वेडा चाहता) हा शब्दच शिवीसारखा झाला. कॉन यांनी मी-मेनियाला घडवताना त्या पूर्वग्रहाचीच मदत घेतली आहे. सामान्य दिसणारा, नोकरीला जाणारा, नम्र चाहता जास्त भयावह झाला असता.

दुसरी उणीव नजरेची. बलात्काराचे चित्रीकरण हा शोषणाचा आरोप आहे हे मान्य. पण तो प्रसंग जितका वेळ पडद्यावर राहतो तितका आरोपाला लागत नाही. तिसरी, रूमीच्या कटाचे वेळापत्रक काटेकोर तपासले तर ते टिकत नाही. ही शेवटची उणीव मी फारशी मनावर घेत नाही. रहस्यकथेचे गणित सोडवायला हा चित्रपट कोणी पाहत नाही.

नंतर

पडद्याबाहेर असे खूळ आधीही दिसले होते : अमेरिकेत ‘टॅक्सी ड्रायव्हर’मधल्या जोडी फॉस्टरने झपाटलेल्या जॉन हिंक्लीने १९८१मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या, १९८९मध्ये अभिनेत्री रिबेका शेफर हिचा एका चाहत्याने तिच्या दारात खून केला आणि पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाने पाठलागविरोधी कायदा केला. जपानमध्ये ‘परफेक्ट ब्लू’ लागला तेव्हा असा कायदा नव्हता. तो नोव्हेंबर २०००मध्ये अमलात आला. मे २०१६मध्ये तोक्योच्या कोगानेई भागात एका वीस वर्षांच्या गायिकेवर मैफलीआधी चाहत्याने चाकूचे अनेक वार केले. तो आधी समाजमाध्यमांवरून तिच्या मागे लागला होता, आणि तेव्हाच्या कायद्यात ईमेल धरलेले असले तरी असे संदेश धरलेले नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती दुरुस्ती झाली. २०१९मध्ये एका आयडॉलवर हल्ला करणाऱ्याने सांगितले की तिच्या सेल्फीत, डोळ्यांच्या बाहुलीत उमटलेल्या रेल्वे स्थानकाच्या प्रतिबिंबावरून त्याने तिचा पत्ता काढला. हे कॉन यांनी पटकथेत घातले असते तर अतिरंजित म्हणून आपण नाक मुरडले असते.

चित्रपटाचा प्रभाव वेगळ्याच वाटांनी पसरला. मॅडोनाने २००१च्या आपल्या दौऱ्यात यातली दृश्ये पडद्यावर वापरली. डॅरेन ॲरोनॉफ्स्की यांच्या ‘रिक्विएम फॉर अ ड्रीम’मधला न्हाणीतल्या टबात बुडून किंचाळण्याचा प्रसंग मिमाच्या प्रसंगाशी उघड जुळतो, ‘ब्लॅक स्वान’बाबत साम्य त्यांनी मानले, प्रेरणा मानली नाही. जपानमध्ये २०२०मध्ये सुरू झालेल्या ‘ओशी नो को’ या मांगाचे (जपानी चित्रकथेचे) कथानक तर आयडॉलच्या दारात चाहत्याने केलेल्या खुनावरच उभे आहे.

कॉन यांनी पुढे ‘मिलेनियम ॲक्ट्रेस’, ‘तोक्यो गॉडफादर्स’ आणि ‘पॅप्रिका’ हे चित्रपट केले आणि ऑगस्ट २०१०मध्ये, ४६व्या वर्षी, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ते गेले. त्यांच्या चारही चित्रपटांत ‘परफेक्ट ब्लू’ची कारागिरी सर्वांत खडबडीत, गर्दीच्या दृश्यांत पैशाची चणचण दिसते. ‘पॅप्रिका’ अधिक देखणा, ‘मिलेनियम ॲक्ट्रेस’ अधिक प्रगल्भ. तरी कीर्तीच्या व्यवहाराची इतकी निर्दय चिरफाड चारांपैकी दुसऱ्या कशातही नाही. पाहायचा तर मूळ जपानीत, उपशीर्षकांसह पाहावा. आणि ‘कार्टून आहे’ म्हणून घरातल्या मुलांना सोबत घेऊन बसू नये.